शिणगाऱ्यांच्या पेवाची कड

हा समोरचा माळ शिणगारे वस्तीचा. वस्ती कुठं आहे म्हणून शोधत बसू नका पाव्हणं, एक चौकट सापडायची नाही. मातीच्या भिंती होत्या, मातीत गेल्या. त्या बाभळीपाशी जमीन खचून खळगा पडलाय ना, तेवढीच खूण उरली. त्या खळग्यात न पेरता शाळू उगवतो. चार ताटं येतात, पण कुणी कापत नाही. गुरं शिरली तर ज्याची असतील त्याला गाव शिव्या घालतं. बोरखिळ्यात नवा माणूस आला की आधी ही हकिकत सांगायची आणि मग चहा पाजायचा, अशी इथली रीत. तेव्हा चहाची घाई करू नका.

शिणगारे मूळचे धनगर. मेंढरं मोडून जमिनीला लागले आणि या माळावर त्यांनी छपरं टाकली. इथला मुरूम कोरडा, म्हणून पेव चांगलं टिकायचं. तुम्ही शहरातली माणसं, पेव पाहिलं नसेल. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार ते. तोंड एका माणसापुरतं, आत मात्र खोलीएवढी जागा. आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. ज्वारी वर्षानुवर्षं राहते, पण आत कोंडलेली वाफ माणसाचा जीव घेते. म्हणून पेव सकाळी उघडायचं, दिवसभर तसंच सोडायचं, मग दोरीनं दिवा आत सोडून बघायचा. दिवा जळत राहिला तर उतरायचं, विझला तर नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि वस्तीचा कर्ता मानाजी शिणगारे, त्याला तर आसपासच्या गावांतून पेव उघडायला बोलावणं यायचं. म्हणजे बघा.

त्याची बायको भिवरा. करारी बाई होती, असं सांगतात. थोरला मुलगा धुळा, धाकटा बिरा, दोघांचीही लग्नं झालेली, आणि दोघांवर तिचा धाक.

मग दुष्काळ आला. एकामागून एक पावसाळे कोरडे गेले. गुरं सोडून दिली, गोठा रिकामा झाला. धुळाची बायको नुकती बाळंत झालेली. तिच्या अंगावर दूध उतरेना. पोर आधी रात्रंदिवस रडायचं, मग नुसतं कण्हायला लागलं, आणि ते कण्हणं भिवराला रडण्याहून भारी वाटायचं. वस्तीवर बियाण्याचं एकच पेव उरलं होतं, तेही गोठ्यात, जमिनीखाली. मानाजीनं बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली होती, की पाऊस पडल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. भिवरा त्याच्यापुढं पोर घेऊन उभी राहिली.

"देवाला मी सांगते काय सांगायचं ते," ती म्हणाली. "तुमी पेव उघडा."

मानाजी कबूल झाला, पण रीतीप्रमाणे दिवसभर उघडं ठेवू म्हणाला. इथं भिवरा अडली. पेवातल्या ज्वारीला आंबूस वास असतो, लांबवर जातो. रस्त्यानं उपाशी माणसांचे तांडे फिरत होते. एकाला वास लागला तर सगळे येतील, बियाण्याचा दाणा राहणार नाही, नातवाच्या तोंडात पेजही पडणार नाही, हे तिनं बोलून दाखवलं. खोटं नव्हतं ते. म्हणून गोठ्याचं दार आतून लावून घेतलं, बिराला बाहेर रस्त्यावर नजर ठेवायला उभं केलं आणि दगड सरकवला. दिवा सोडला. दिवा विझला. घरात तेल नव्हतंच, पणतीच्या बुडाला लागलेलं बोटानं निपटून वातीला लावलेलं. मानाजी म्हणाला, तेलच नाही तर विझणारच. त्याला खरंच तसं वाटलं, की नातवापायी त्यानं तसं मानून घेतलं, ते तोच जाणे. पाटी घेऊन तो आत उतरला.

पाटी पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. धुळानं हाक मारली. उत्तर नाही म्हटल्यावर त्यानं मागचापुढचा विचार न करता खाली उडी घेतली. भिवराच्या हाताला त्याच्या सदऱ्याचं टोक लागलं होतं म्हणे, ते निसटलं.

तिच्या किंकाळीनं बिरा दार मोडून आत आला. त्याचं लक्ष पेवाकडं गेलं आणि तो झेपावला. तेव्हा भिवरा पेवाच्या तोंडावर आडवी बसली.

खालून घरघर ऐकू येत होती. धुळाचा जीव अजून होता.

"आये, ऊठ! दादाचा आवाज येतोय."

"मला बी येतोय," भिवरा म्हणाली. "म्हणून तर बसलेय."

बिरानं तिला ओढलं. दंडाला धरून, मग केसाला धरून. नको ते बोलला, हातही उचलला. जवान गडी तो, आणि ती उपाशी बाई. पण तिनं नखं लिंपणात रुतवली आणि ती तसूभरही हलली नाही. सुनेला ओरडून तिनं विहिरीतली घागर काढायचा गळ आणायला लावला. अंग जरासं कलतं करून स्वतःच तो खाली सोडला, चाचपला, ओढला. वर आलं ते नवऱ्याचं मुंडासं. पुन्हा सोडला, तर काहीच लागलं नाही. पुन्हा पुन्हा सोडला. तोवर घरघर थांबली होती. तरी ती उठली नाही, कारण बिरा अजून समोर उभा होता.

गावकरी आले, वाफ निघून जावी म्हणून गोठ्याचं छप्पर उसकटलं, दुसऱ्या दिवशी दिवा जळत राहिला तेव्हा बाप-लेकाला वर काढलं. त्या ज्वारीला कुणी शिवेना. तशीच आत ठेवून वर माती लोटली. आणि ज्या पोरासाठी हे सगळं केलं, तेही पुढच्या आठवड्यात गेलं.

बिरानं सगळ्या गावादेखत सांगितलं, की बा आणि दादा वाफेनं नाही मेले, आईनं वर बसून त्यांचा वारा तोडला. एवढं बोलून त्यानं आईशी बोलणं टाकलं. थोरली सून माहेरी गेली. बिरा बायकोला घेऊन गावात राहायला आला. वस्तीवर भिवरा एकटी उरली. छप्पर पडलं, भिंती वितळल्या, तेव्हा तीही उठून बिरोबाच्या देवळात आली. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकच विचारायची, "मी उठले असते तर?" लोक नारळ फोडायचे आणि खाली मान घालून जायचे. देवालाही तिनं विचारलं असणार.

सुगी परतली, वर्षं गेली. बिराचं स्वतःचं पेव झालं, मुलगा हाताशी आला. एकदा पेव उघडलं, सगळं रीतीनं केलं, दिवाही छान जळत होता. मुलानं आत पाय सोडला मात्र, आणि बिरानं त्याला बखोटीला धरून बाहेर खेचलं. बायको विचारते, काय झालं, काय झालं. तसाच चालत तो देवळात गेला. आईला तोवर दिसेनासं झालं होतं. पावलांवरनं तिनं त्याला ओळखलं, असं सांगतात.

"आये, चल," तो म्हणाला. "कडेला बस. तू असल्याबिगर पोराला खाली सोडायचा धीर होत न्हाई."

भिवरानं त्याला काही विचारलं नाही. त्याचा हात धरून ती आली, कडेला बसली, आणि नातू आत होता तोवर त्याच्या नावानं हाका मारत राहिली. तो खालून ओ देत राहिला.

आता पेवं गेली, पत्र्याच्या कोठ्या आल्या. पण आजही बोरखिळ्यात विहिरीचा गाळ काढायचा असो, गोबरगॅसची टाकी धुवायची असो, घरातली एक बाई कडेला बसल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही. ती हाका मारते. ओ आली नाही, तर ती भिवरासारखी तोंडावर आडवी बसते, आणि मग खाली तिचा नवरा असो की पोटचा लेक, वरच्या कुणालाही ती आत जाऊ देत नाही. तिला शिव्या पडल्या, मार बसला, तरी तिनं उठायचं नाही. आणि घरात सुतक असलं तरी त्या दिवशी चूल पेटते. ज्याला तिनं अडवलं, त्यानं तिच्यासमोर बसून, स्वतःच्या हातानं पहिला घास तिला भरवायचा असतो.