गडवेढ्याचा नवा पट

पुष्कळ वर्षं झाली त्याला. डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात एक म्हातारा सेनापती आणि त्याची बायको राहत होती. लढाया केव्हाच संपल्या होत्या. दोघं रोज दुपारी ओसरीवर बसून गडवेढा नावाचा खेळ खेळत. पटावर नदी होती, घाट होते, मधोमध गड होता. एकाने गड राखायचा, दुसऱ्याने तो घ्यायचा. नियम पुष्कळ, आणि सोंगट्या चिंचोक्याएवढ्या.

एका हिवाळ्यात सेनापतीला वाताचा झटका आला. जीव वाचला, पण हात थरथरू लागले. एक सोंगटी उचलावी तर शेजारच्या चार कोसळत. सगळा डाव दोनतीनदा उधळला, तेव्हा त्याने पट उचलून भिंतीला टेकवला. हळूहळू तो बोलेनासा झाला, जेवेनासा झाला. वैद्याने बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, की औषध लागू पडतंय, पण यांना जगावंसंच वाटत नाही.

बायकोला वाटलं, खेळ अवघड म्हणून हे खचले. तिने पटावरची नदी पुसली, घाट पुसले, दबा धरण्याचा नियम काढून टाकला. मोजक्या सोंगट्या ठेवल्या आणि वाट एकच. सरळ पुढे सरकत गेलं की गड हाती. सोंगटी पडली की ती स्वतःच उचलून ठेवी. आता सेनापती रोज जिंकू लागला. शेजारपाजारचे कौतुक करून जात.

एके दुपारी जिंकता जिंकताच त्याने हात मागे घेतला.

“माझे हात गेलेत,” तो शांतपणे म्हणाला, “डोकं शाबूत आहे. तू लहान मुलासमोर हरावं तशी हरतेस. ते मला रोज बघायला लावू नकोस.”

तिला ते फार लागलं. रागही आला, एवढं सगळं केलं ते त्याच्यासाठीच. पण चुलीपुढे बसल्यावर तिला उमगलं, की त्याला जे जड जात होतं ते तिने तसंच ठेवलं होतं आणि जे त्याला प्रिय होतं तेच काढून घेतलं होतं.

तिने सुताराकडून नवा पट करून घेतला. नदी, घाट, दबा, सगळं परत आलं. मात्र सोंगट्या मुठीत धरता येतील एवढ्या, प्रत्येकीच्या तळाशी खुंटी, आणि पटाच्या प्रत्येक घराला भोक. एकदा रोवलेली सोंगटी धक्क्याने पडत नसे.

सेनापती बराच वेळ पट न्याहाळत राहिला. मग थरथरत्या हाताने त्याने आपला स्वार उचलून घाटात रोवला. बायकोनेही कसली गय केली नाही. दिवेलागणीला तो हरला. तिने भीतभीतच त्याच्याकडे पाहिलं.

“नदीकाठ मोकळा सोडला, तिथे फसलो,” तो म्हणाला. “उद्या बघतो तुला. आता जेवायला वाढ.”

पुढे तो बरीच वर्षं जगला. कधी जिंकला, पुष्कळदा हरला. तसे पट गावोगाव झाले. बोटं वाकलेली म्हातारी माणसं आणि इवल्या बोटांची मुलं एकाच पटावर बसू लागली, आणि नियम मात्र कुणी एकही गाळला नाही.

खेळ हाताला सोपा करावा. बुद्धीला सोपा केला, तर त्यात खेळण्यासारखं काही उरत नाही.