पडद्यावरचे महाराज

कर्डेगावच्या महाराजांनी आपल्या पणजोबांवरच्या कादंबरीचा बोलपट काढला, दरबाराला दाखवला आणि लगेच फर्मान सोडलं, "कादंबरीच्या सगळ्या प्रती जाळा. उगाच कोणी तुलना करायला नको!"

वाचनालयाच्या अंगणात लाकडं रचली गेली. प्रती बाहेर आल्या.

"काय पंत, काही म्हणायचंय?" महाराजांनी ग्रंथपाल खांबेट्यांना विचारलं. शेजारी चाबूकवाला उभाच होता. पंतांनी हात जोडले.

"सरकार, वाचनालयात समोरच्या भिंतीवर आपली तसबीर आहे. वाचता वाचता माणूस मान वर करतो आणि मग कादंबरीतला राजा त्याला आपल्यासारखाच दिसतो. उद्या बोलपट गावात लागला, की 'महाराज' म्हटल्यावर रयतेच्या डोळ्यांपुढे तो पगारी नट उभा राहील."

महाराजांचा हात मिशीकडे गेला. नटाच्या मिशा जास्त झुबकेदार होत्या.

"बोलपटाचे डबे आणा!" ते खेकसले, आणि लाकडांवर बोलपट चढला.

घामाघूम पंत जळण्यातून वाचलेली एक प्रत छातीशी धरून घरी आले. पहिलं पान उघडलं, मग भराभर पुढची पानं उलटली. पानापानांतून तो नटच त्यांच्याकडे बघत होता.

आणि बोलपट तर त्यांनी एकदाच पाहिला होता.