मुशीत वितळलेला मुकुट

फार फार वर्षांपूर्वी, सूर्य जिथे समुद्रात बुडतो त्या पश्चिमेच्या मुलखात व्हिसिगॉथ लोकांचं राज्य होतं. राजा शूर, प्रजा कष्टाळू. पण गंमत पाहा, त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर नाव असायचं दूरदेशीच्या सम्राटाचं! पूर्वी व्यापाऱ्यांना तेच नाव ओळखीचं होतं, म्हणून घेतलेलं. पुढे तो सम्राट मेला, तरी टांकसाळीत आपली मक्षिकास्थाने मक्षिका चालूच.

एकदा त्याच सम्राटाच्या दरबारचा वकील हसत म्हणाला, "महाराज, तलवार तुमची, पण नाणं अजून आमचंच!"

राजाला ते फार झोंबलं. त्याने तिथेच हुकूम सोडला, "यापुढे नाण्यावर माझं नाव!"

तेव्हा प्रधान त्याच्या कानाशी लागला. "लढायांनी खजिना आटलाय, महाराज. सोन्यात थोडी चांदी मिसळू. आपलं नाव असल्यावर नाणं नाकारायची कोणाची बिशाद आहे?"

राजाला मोह पडला. त्याने आईला विचारलं, तर राजमाता खो खो हसत सुटली.

"अरे, परक्याच्या नावानं आजवर चोख सोनं दिलंस, आणि स्वतःच्या नावानं हिणकस देणार? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!"

राजाचे कान लाल झाले. तो तडक टांकसाळीत गेला, डोक्यावरचा मुकुट उतरवला आणि मुशीत टाकला. प्रधान "अहो, महाराज!" करत राहिला.

"मुकुट पुन्हा घडवता येतो," राजा म्हणाला, "गेलेलं नाव नाही."

नवी नाणी बाजारात आली. समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्याने नाणं उलटसुलट करून पाहिलं. "हे नाव कोणाचं? आम्ही नाही बाबा ऐकलं."

गर्दीत बोडक्या डोक्याने उभा असलेला राजा दोन पावलं पुढे सरकला.

व्यापाऱ्याने नाणं कसोटीच्या दगडावर घासलं आणि उमटलेली रेघ बराच वेळ निरखली. मग तो म्हणाला, "सम्राटाच्या नाण्याहून काकणभर सरसच! हे नाव आता मी बंदरोबंदरी सांगेन."

राजाची मान अभिमानाने ताठ झाली. मुकुट घालून तो कधी इतका उंच दिसला नव्हता. पुढे परमुलखातले व्यापारीही त्याच्याच नावाचं नाणं मागून घेऊ लागले.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: आपलं नाव कोरायचं, तर आधी सोनं चोख हवं.