दुबळा जंतू

“मग त्याला मारलं कोणी?”

भंते शीलानंदांनी हे विचारलं, तेव्हा डॉ. शर्वरी टेंभुर्णे अजून नीट बसलीही नव्हती.

वैनगंगेकाठच्या टेकडीवरच्या याच विहारात लहानपणी तिनं त्यांच्याकडे अक्षरं गिरवली होती. आता ती लस बनवत होती. पोटातून घ्यायची, कॉलऱ्यावरची लस. वस्तीतल्या बारा जणांनी ती चाचणीसाठी घेतली, ती केवळ तिच्या शब्दाखातर. अकरा जण धडधाकट राहिले. बारावा, विहारातला भिक्खू उपालि, तीन आठवड्यांपूर्वी गेला.

“जंतूनं नाही मारलं,” ती म्हणाली. चौकशीचा अहवाल तिनं त्यांच्यापुढे सरकवला. “यात स्पष्ट लिहिलंय.”

भंतेंनी कागदाला हात लावला नाही.

“जंतू टायफॉइडचाच ना?”

“होता. आम्ही त्याची नांगी मोडली. आता तो नुसता हमाल आहे, भंतेजी. कॉलऱ्याच्या जंतूचा एक निरुपद्रवी तुकडा पाठीवर घेऊन पोटात जातो, शरीराला शत्रूची ओळख पटवतो आणि चार-आठ दिवसांत मरून जातो.”

“मग मेलेलाच का नाही दिला?”

“मेलेल्याला शरीर फारशी दाद देत नाही. जिवंतच लागतो. पण दुबळा.”

“दुबळा...” भंते पुटपुटले. “कोणापुढे?”

शर्वरीला तो प्रश्न झोंबला.

“उपालि मूत्रपिंडाच्या दुखण्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या खात होता. अशा माणसाच्या अंगात झुंजायची ताकदच उरत नाही. आम्ही विचारलं होतं, भंतेजी. आजार आहे का? औषधं चालू आहेत का? दोन्हींपुढे त्यानं ‘नाही’ लिहिलं. भिक्खू असून खोटं बोलला!”

“त्याची बहीण कॉलऱ्यानं गेली होती. आपल्याला कोणी या कामातून वगळावं, हे त्याला सोसलं नसतं.” भंते थांबले. “माझ्याशीही खोटंच बोलला. परवानगी मीच दिली.”

भंतेंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“पेला तुझ्याच हातून घेतला त्यानं?”

“हो.”

“तोंड कसं दिसत होतं त्याचं?”

शर्वरी आठवू लागली. तिला पेला आठवला. लस कालवलेलं सोड्याचं पाणी आठवलं. यादीतला त्याचा क्रमांकही आठवला...

“सुजलं होतं,” भंते म्हणाले. “गोळ्यांनी. भोपळ्यासारखं गोल झालं होतं. आणि मला वाटायचं, पोरगं अंग धरतंय.”

“म्हणजे तुम्हीही मलाच दोषी धरताय!”

तिचा आवाज चढला. पिशवीतल्या थंड डब्यातून तिनं एक पुडी काढली. चाचणी बंद पडली होती, साठ्याला कुलूप होतं. तरी नियम मोडून तिनं ती आणली होती. तांब्यातलं पाणी तिनं पेल्यात ओतलं, सोडा टाकला, पुडी ढवळली.

“ही तीच लस. सगळ्यांच्या आधी मी प्यायले होते. आत्ताही तुमच्यासमोर पिते. बघा मला काय होतं ते!”

भंतेंनी हात पुढे केला.

“मला दे.”

हात काडीसारखा होता. मनगटावरची कातडी लोंबत होती, नखं निळसर पडली होती. एवढा हात उचलला, तरी त्यांना धाप लागली होती.

तो हात दिसताच शर्वरीनं पेला झटकन मागे घेतला. अर्धं पाणी तिच्याच ओच्यात सांडलं.

“नाही, भंतेजी. तुम्हाला नाही!”

हात तसाच पुढे राहिला...

“मला तर तू काहीच विचारलं नाहीस, शर्वरी.”