हात बसला का

"वस्ताद, माझा हात बसला का न्हाई, एवढंच सांगा."

जोतिरामनं विचारलं तेव्हा दस्तगीर वस्ताद उकिडवे बसून एका गाडीच्या चाकामागे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली ही शेड. शर्यतीच्या गाड्यांचे भाग इथे मापानं घडवून मिळत. आणि रीत अशी की, वस्तादांनी 'हात बसला' म्हटल्याशिवाय त्यांच्या हाताखालचा कुणी स्वतःची शेड टाकत नसे. जोतिरामनं मात्र जागा बघून ठेवली होती. पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. बाजारात तुरी म्हणतात, तशी गत.

गाडी धैर्यशील नावाच्या गिऱ्हाइकाची. बुटकी, लाल, दोघांपुरती. उद्या सकाळी तो ती घाटाच्या शर्यतीत पळवणार होता. तिची पुढची चाकं सांगाड्याशी धरून ठेवणारे दोन दांडे जोतिरामनं एकट्यानं घडवले होते. शेडमध्ये त्या दांड्यांना हातच म्हणतात. टोकाचे आटे फिरवले की हात लांब होतो, आखूड होतो, आणि चाक हवं तसं कलतं. वळणावर हात तुटला तर चाक जागेवर राहत नाही.

"कसल्याबी वळनाला लावा," जोतिराम म्हणाला. "पायजे तसा फिरतोय."

वस्तादांनी डाव्या हातावरून बोट फिरवलं.

"जोड कुठाय?"

"दिसतच न्हाई, वस्ताद. घासून आरशागत केलाय."

"उद्या तडा गेला तर मला कुठं दिसंल?"

"जायाचाच न्हाई."

"आत बघितलंस?"

"आत कसं बघनार? कापाय लागंल."

वस्तादांनी बोट काढून घेतलं.

जोतिराम मनातून दुखावला होता. एवढी वर्षं हाताखाली काढली, आणि चांगलं म्हणायला यांची जीभ झिजते, असं त्याला वाटलं. त्यानं तसं बोलूनही दाखवलं असतं, पण तेवढ्यात धैर्यशील हेल्मेट घेऊन आत आला.

"घाटाच्या पायथ्यापर्यंत एक फेरी मारून बघतो. जोरात जाऊ ना, जोतिराम?"

"जावा की. बिनघोर जावा."

वस्ताद उठले. चिंधीला हात पुसले. मग गाडीला वळसा घालून त्यांनी पलीकडचं दार उघडलं, टपाला धरून गुडघे कसेबसे आत घेतले आणि धैर्यशीलच्या शेजारी बसले. वस्ताद गिऱ्हाइकाच्या गाडीत कधी बसत नसत. त्यांनी पट्टा लावला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चला," ते धैर्यशीलला म्हणाले.

इंजिन सुरू झालं. गाडी हातभर पुढे सरकली.

"थांबा."

जोतिराम गाडीच्या पुढ्यात उभा होता. त्याचा पंजा बॉनेटवर होता.

"वस्ताद, तुमी उतरा."

"का रं?"

"उतरा म्हंतोय न्हवं."

"ह्येला तर जावा म्हनालास आत्ता."

जोतिरामनं धैर्यशीलकडे पाहिलं. स्टिअरिंग धरून तो अजून हसतच होता, त्याला काही उमगलं नव्हतं. यालाही घरी कुणीतरी जेवायला थांबत असेल, हे जोतिरामच्या मनात आज पहिल्यांदा आलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"डाव्या हाताचा जोड मारताना वेल्डिंगची ठिनगी एकदा अडखळली हुती," तो म्हणाला. "वरनं परत मारला. मग घासला. घासल्यावर माझं मीच इसरलो."

धैर्यशीलनं इंजिन बंद केलं.

"म्हणजे उद्या…?"

"उद्या न्हाई जमायचं, दादा. नवीन करून देतो."

"वर्षभर थांबलोय मी या शर्यतीसाठी."

धैर्यशील उतरला, किल्ली बॉनेटवर ठेवली आणि रस्त्याला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत जोतिराम बघत राहिला.

मग त्यानं पाना घेतला. डावा हात गाडीपासून सोडवला, बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि बरोबर जोडावर करवत धरली. लोखंड चांगलं होतं, लवकर कापलं जाईना. वस्ताद गाडीतून उतरून स्टुलावर बसले होते. मदतीला उठले नाहीत.

शेवटी दोन तुकडे झाले. जोतिराम ते घेऊन दारातल्या उजेडात गेला. उलटेसुलटे करून बघितले. परत बघितले.

पोकळी नव्हती. तडा नव्हता. धातू आरपार एकजीव झाला होता.

"जोड पक्का हुता, वस्ताद."

"व्हय."

"त्येची शर्यत गेली. आता माझ्याकडं कोन गाडी आननार?"

वस्ताद स्टुलावरून उठले.

"पक्का हुता," जोतिराम पुन्हा म्हणाला. "मग मी कापला कशाला?"

वस्ताद जवळ आले. त्यांनी त्याच्या हातातले दोन्ही तुकडे काढून घेतले, आणि रिकामा झालेला त्याचा पंजा आपल्या पंजात धरला…

"हात बसला म्हनून."