उभ्या गाडीची थरथर

एकदा एक व्यापारी आपल्या गाडीमुळे मोठ्या विवंचनेत सापडला. व्यापारी हळदीचा होता की गुळाचा, याविषयी माझी स्मृती हल्ली मला ठाम साथ देत नाही. हळदीचा म्हणतो, कारण गाडीच्या मागच्या बैठकीवर पिवळी धूळ होती असे मला आठवते. बैठकीचे कापडच पिवळे असेल तर मात्र माझा हा सारा तर्क कोसळतो. गाडी पेट्रोलची होती आणि ती उभी राहायला तयार नव्हती, एवढे निश्चित.

रस्त्यावर ती सुरेख धावे. परंतु थांबवून वेगाच्या पट्टीवरून पाय काढला की थंडीतापाच्या रोग्यासारखी थरथरे, दोनदा उसासे टाके आणि बंद पडे. चौकात मागचे लोक भोंगे वाजवत. पेठेतले हमाल व्यापाऱ्याला विचारत, "शेठ, गाडीला उपास घडला का?"

गावात एका तरुण मिस्त्रीचे गॅरेज होते. व्यापाऱ्याची ही गाडी आणि व्यापाऱ्याचा माल वाहणारे सगळे टेम्पो त्याच्याकडेच दुरुस्तीला येत. त्या टेम्पोंवरच त्याचे घर चाले. त्याने गाडीचे प्लग बदलले, हवेची जाळी झाडली, कार्बुरेटर उघडून धुतला. थरथर जाईना. शेवटी त्याला एक सोपा उपाय सुचला. उभ्या इंजिनाची गती वाढवणारा एक छोटा स्क्रू असतो. तो त्याने पाव वळसा पिळला. गाडी बंद पडेनाशी झाली. व्यापारी खूश झाला. काही आठवड्यांनी थरथर परतली. मिस्त्रीने आणखी पाव वळसा दिला. व्यापारी पुन्हा खूश. असे पुष्कळदा झाले. प्रत्येक वेळी मिस्त्री बॉनेट लावताना मनाशी म्हणे, पुढच्या खेपेला नीट बघू.

होता होता अशी वेळ आली की गाडी जागेवर उभी असतानाही घाट चढत असल्यासारखी गर्जना करी. आत बसलेल्याला ओरडूनच बोलावे लागे. व्यापाऱ्याच्या मुलासाठी एक स्थळ आले होते; मुलगा बी.कॉम. झाला आहे, असे व्यापाऱ्याने कळवले होते. मुलीचे आईवडील पहिल्यांदा आले तेव्हा व्यापाऱ्याने त्यांना याच गाडीतून घरी आणले, आणि वाटेत हवापाण्याच्या गप्पाही अशा आवाजात मारल्या, की विहीणबाईंनी घरी गेल्यावर विचारले, "माणूस एवढा तापट आहे, तर आपल्या पोरीचं कसं व्हायचं?"

हे व्यापाऱ्याच्या कानावर आले. व्याही शेवटचा होकार-नकार सांगायला पुन्हा येणार होते, त्या दिवशी सकाळीच तो गॅरेजात हजर झाला.

"मिस्त्री, आज माझी गाडी गप्प उभी राहिली पाहिजे. बंद पडायची नाही आणि बोंबलायचीही नाही. दुपारी पाव्हण्यांना आणायला जायचंय. हे जमलं नाही, तर उद्यापासून टेम्पो तुझ्या दारात दिसणार नाहीत."

 स्क्रू खाली घ्यावा तर गाडी मरते, वर न्यावा तर बोंबलते. त्याने गॅरेजला कुलूप घातले आणि आपल्या गुरुजींचे घर गाठले.

गुरुजींनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आयुष्यभर मोटारींचे इंजिन शिकवले होते. हा मिस्त्री त्यांचाच शिष्य. ते अंगणात पापडांची राखण करत बसले होते. सारी हकीकत ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "स्क्रू कितीदा पिळलास?"

"थोडासाच, गुरुजी."

"थोडासा कितीदा, ते विचारतोय."

शिष्य बोटांवर मोजू लागला. गुरुजींनी पापडांची काठी पत्नीच्या हाती दिली आणि सायकल काढली.

गॅरेजात आल्यावर त्यांनी इंजिन सुरू करायला लावले. ते नेहमीप्रमाणे गरजले. गुरुजी पुढे झुकले, आणि शिष्याने इतक्या महिन्यांत जो स्क्रू कसोशीने वर नेला होता तो त्यांनी एका दमात उलटा फिरवला. गाडी आचके देऊ लागली. बॉनेट खडखडले, आरसा हलू लागला, आणि एक मोठा झटका देऊन गाडी बंद पडली.

नेमका त्याच क्षणी व्यापारी आत आला. कडक इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा फाया.

"हे काय चाललंय? मी गाडी दुरुस्तीला दिली होती, तिचं बारावं घालायला नाही!"

"शेठजी, बसा," गुरुजी म्हणाले.

"बसतो काय? सकाळी चालती होती ती!"

"सकाळी ओरडत होती. आता निदान आजारी दिसतेय. ही प्रगती आहे."

व्यापाऱ्याने शिष्याकडे पाहिले. शिष्याने जमिनीकडे पाहिले. आपण गुरुजींना आणले नसते तर बरे झाले असते, असा पापी विचार त्याच्या मनात येऊन गेला. म्हातारपणी माणसे विसरतात. गुरुजी कदाचित स्क्रूची दिशाच विसरले असतील.

गुरुजींनी पुन्हा इंजिन सुरू करायला लावले आणि स्क्रू केसभर वर आणला. आता गाडी थरथरत होती, धापा टाकत होती, पण जिवंत होती. "हिला मरू द्यायचं नाही," ते शिष्याला म्हणाले, "पण बरी झाल्याचं सोंगही आणू द्यायचं नाही. तो रेडिओ बंद कर."

रेडिओ बंद झाला.

"शेठजी, जरा गप्प राहता?"

"मी गप्पच आहे. मी कुठं काय बोलतोय? मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की पाव्हणे..."

"शेठजी."

व्यापारी गप्प झाला. त्याला त्याचा त्रास होत असल्याचे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मग गुरुजींनी शिष्याच्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला, बादलीत बुडवून पिळला आणि इंजिनाला हवा-पेट्रोल पोचवणाऱ्या भागापासून निघणाऱ्या प्रत्येक रबरी नळीभोवती तो ओला पंचा आळीपाळीने दाबून धरू लागले. आई तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवते तसे. पहिली नळी, थरथर तशीच. दुसरी; तशीच. व्यापाऱ्याने घड्याळाकडे पाहून एक दीर्घ सुस्कारा सोडला. मग गुरुजींनी ब्रेककडे जाणाऱ्या जाड नळीच्या मुळाशी पंचा गुंडाळला, आणि इंजिन एकाएकी शांत झाले. हात काढला, थरथर आली. हात ठेवला, गेली.

शिष्याने नळीला आवळून धरणारी पत्र्याची पकड सैल करून नळी काढली. पकडीखाली, वरून कधीच दिसली नसती अशी एक भेग होती.

"एवढीशी?" व्यापारी म्हणाला.

"एवढीशीच. पण ब्रेकला इंजिनाचा जोर याच नळीतून मिळतो. ही वाढत वाढत गेली असती, तर एके दिवशी ब्रेक पायाखाली दगडासारखा घट्ट लागला असता, दाबला गेला नसता."

व्यापाऱ्याने अत्तराचा फाया काढून पुन्हा कानात घातला.

शिष्याने नवी नळी बसवली, स्क्रू योग्य जागी आणला. गुरुजींनी व्यापाऱ्याला गाडीत बसवले. तो हात मांडीवर ठेवून थोडा वेळ बसला. मग वैतागून म्हणाला, "झाली वाटतं पुन्हा बंद!" आणि त्याने किल्ली फिरवली. चालू इंजिनाला पुन्हा चालू करू गेल्यामुळे आतून असा कर्कश आवाज आला की शिष्याने कानांवर हात ठेवले.

"चालू आहे, शेठजी," गुरुजी म्हणाले. "बरी गाडी अशी असते."

व्यापारी ओशाळून खाली उतरला. "पण गुरुजी, एक कळलं नाही. भेग होती, तर रस्त्यावर गाडी झकास कशी पळायची?"

गुरुजी पंचा पिळत म्हणाले, "इंजिन उभं असतं तेव्हा त्याच्या हवेचं दार जवळजवळ मिटलेलं असतं. ते अगदी बेताचा श्वास घेतं. त्यात चोरवाटेनं फुंकरभर हवा शिरली, तरी त्याचा तोल जातो. धावताना दार सताड उघडं. तिथं त्या फुंकरीला कोण विचारतो? म्हणून वेगात कुणाचीच भेग कळत नाही. ती कळते थांबल्यावर. आणि थांबल्यावर थरथर आली, की आपण घाबरून वेग वाढवतो. त्यानं भेग बुजत नाही, फक्त ऐकू येईनाशी होते. म्हणून आधी हिला हिच्या खऱ्या दुखण्यापर्यंत खाली आणावं लागलं."

व्यापाऱ्याने मान डोलवली. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे इतके महिने हा मिस्त्री काय करत होता?"

 गुरुजी नळावर हात धुवायला गेले, आणि हाताला फारसे काही लागलेले नसतानाही बराच वेळ धूत राहिले.

शिष्याच्या जिभेवर उत्तर तयार होते. भेग परवाच पडली असावी, शेठजी; रबराचा काय भरवसा? हे वाक्य इतके सोयीचे होते की ते जवळजवळ आपोआप बाहेर पडले असते. व्यापाऱ्याला ते पटलेही असते. शिष्याच्या डोळ्यांसमोर रांगेत उभे राहणारे टेम्पो आले, घरभाडे आले.

"शेठजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला, "मी स्क्रू पिळत होतो. दर वेळी. ती दुरुस्ती नव्हती. खरं काय झालंय ते मला कळलं नव्हतं, आणि कळलं नाही असं म्हणायची लाज वाटली."

व्यापाऱ्याने त्याच्याकडे रोखून पाहिले. मग तो गाडीत बसला आणि निघून गेला. गाडी वळणावर थांबली तेव्हाही तिचा आवाज आला नाही.

"गुरुजी, मी बोललो ते बरोबर केलं ना?"

"मला काय ठाऊक?" गुरुजी सायकलीला टांग मारत म्हणाले. "तू थरथरत होतास एवढं खरं. पण बंद नाही पडलास."

सोमवारी टेम्पो आले नाहीत. त्यापुढच्या सोमवारीही नाहीत. शिष्याने नटबोल्टचे पाने घासूनपुसून ओळीने मांडले, विस्कटले, पुन्हा मांडले. कुणी विचारले तर तो सांगे, "गिऱ्हाईक गेलं. माझ्याच हातानं गेलं." पण आता दारात येणारी प्रत्येक गाडी तो आधी शांत उभी करून ऐकू लागला होता, आणि न कळल्यास "कळलं नाही" असे म्हणू लागला होता. पहिल्यांदा ते फार जड गेले. नंतर थोडे कमी.

मग एका सकाळी सगळे टेम्पो एकामागोमाग गॅरेजसमोर येऊन उभे राहिले. पहिल्यातून व्यापारी उतरला. "सगळ्यांच्या रेस खाली आण," तो म्हणाला, "आणि कोण कुठं रडतंय ते मला खरंखरं सांग." इतके दिवस का लागले, हे त्याने सांगितले नाही, शिष्यानेही विचारले नाही.

कित्येक वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत त्या व्याह्यांचे पान माझ्या शेजारी आले, म्हणून त्या भेटीत पुढे काय झाले, ते मी त्यांनाच विचारून घेतले. त्या दुपारी रेल्वेचे फाटक लागले होते. गाडी इतकी निःशब्द उभी होती की व्यापाऱ्याला बोलायला काही सुचेना, आणि थोड्या वेळाने त्याने स्वतःहून सांगितले की मुलगा बी.कॉम. झालेला नाही, दोनदा नापास झाला आहे. व्याह्यांना ते आधीपासून ठाऊक होते. होकार की नकार, हे मुलाचा बाप ते सांगतो की नाही त्यावर ठरवायचे, असे पतिपत्नींनी घरून निघतानाच ठरवले होते.