बोरांच्या बदल्यात तळे

एका डोंगराळ जंगलात एक रानडुकरीण आपल्या एकुलत्या एका पिल्लासह राहत असे. त्या जंगलात एकच तळे होते. म्हाताऱ्या सिंहाचा दंडकच होता, दर उन्हाळ्यात सर्वांनी गाळ उपसायचा आणि वर्षभर सर्वांनी पाणी प्यायचे. सिंह खेकसे, प्रसंगी पंजाही मारी. पण तहानलेल्याला त्याने कधी हाकलले नाही. कोल्हा गाळाच्या दिवसांत लंगडत असे. डुकरीण मात्र नाकाने उकरून उकरून इतरांच्या दुप्पट गाळ काढी.

सिंह मेला आणि सभा भरली. कोल्हा म्हणाला, "राजाचे तळे आता आपले! प्रत्येकाला तळ्यातला एकेक शिंपला देऊ. शिंपला ज्याच्याकडे, मालकी त्याची." सगळे हरखून गेले. मुलांनो, तेव्हा ओढे खळाळत होते, त्यामुळे शिंपल्याची किंमत कोणाला कळणार? हिवाळ्यात कंदमुळे संपली, पिल्लू भुकेने किरकिरू लागले, तेव्हा कोल्हा बोरे घेऊन दारात हजर! "वहिनी, शिंपला काय चावून खाणार आहात? ही गोड बोरे घ्या." डुकरिणीने विचार केला, 'गाळ काढणाऱ्याला पाणी नाही, असे कधी झाले आहे का?' तिने शिंपला देऊन टाकला. घरोघरी हेच झाले.

उन्हाळ्यात ओढे आटले. डुकरीण नेहमीप्रमाणे पिल्लाला घेऊन गाळ काढायला गेली, तर काठावर तरसांचा पहारा! आयत्या बिळावर नागोबा व्हावा तसा कोल्हा सिंहाच्या शिळेवर बसला होता.

"शिंपला दाखवा," तो म्हणाला.

"अहो भाऊजी, तो तुम्हीच नेलात ना! मी गाळ काढायला आले आहे."

"मग काढा की! संध्याकाळी एक घोट मिळेल."

"आणि माझ्या पिल्लाला?"

"ते गाळ काढते का?"

पिल्लाला करवंदीच्या जाळीत सावलीला ठेवून डुकरीण दिवसभर उन्हात राबली. संध्याकाळी मिळालेला घोट तिने गिळला नाही. तो तोंडात धरून ती करवंदीच्या जाळीकडे धावली आणि तिने तो पिल्लाच्या तोंडात ओतला. पाणी दुसऱ्या बाजूने ओघळून मातीत गेले. पिल्लू केव्हाच गेले होते.

सकाळी ती पुन्हा तळ्यावर आली. कोल्हा म्हणाला, "वहिनी, आज उशीर झाला." तिने नाक गाळात खुपसले आणि ती उकरू लागली.

तात्पर्य : उपाशी पोटाच्या हाती नुसता हक्क ठेवला, तर तो भरल्या पोटाच्या घरी गेल्यावाचून राहत नाही.